आत्या आणि एशियाटिक

आत्या मुंबईला येते तेव्हा तिला काय दाखवायचं याची चर्चा आमच्या घरी होत नाही, कारण ती यादी घेऊनच येते. या वेळी यादीत एकच नाव होतं, एशियाटिक, म्हणजे टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि तिचं जुनं ग्रंथालय. माझ्या बायकोनं राणीच्या बागेचा विषय काढून पाहिला, पेंग्विन आहेत म्हणाली. आत्या म्हणाली, "पेंग्विन टीव्हीवर बघितलेत गं. पुस्तकं कशी ठेवलीत ते टीव्हीवर दाखवत नाहीत."

आत्यानं सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून उभी हयात काढली. वाचनालय 'ब' वर्गाचं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि अनुदान त्यावर ठरतं. आमचं वाचनालय 'अ' मध्ये जाता जाता राहिलं, हे दुःख आत्या अजून बोलून दाखवते. त्यामुळे एशियाटिकला जायचं म्हणजे तिच्या दृष्टीनं सहल नव्हती, तपासणी होती.

आदल्या दिवशी मी तिथं फोन केला. म्हटलं, आम्ही दोघं यायचं म्हणतोय, सभासद नाही, चालेल ना? पलीकडून शांतपणे विचारणा झाली, "पाहायला येताय की वाचायला?" मी म्हणालो, पाहायला. आत्या शेजारीच बसली होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, "दोन्ही." मग बाहेरच्या माणसाला जुना अंक वाचायचा असेल तर काय करावं लागतं, ओळखपत्र कुठलं चालतं, किती वाजेपर्यंत मागणी घेतात, हे सगळं तिनं एका जुन्या पावतीच्या पाठीवर उतरवून घेतलं. ते नियम मी इथं देत नाही. असे नियम बदलत राहतात, तुम्ही तुमचा फोन करा.

आता वाचायचं काय, हा प्रश्न उरला. आत्याचं म्हणणं असं की ग्रंथालयात रिकाम्या डोक्यानं गेलं की कपाटंच बघून परत यावं लागतं. "तुझ्या नालासोपाऱ्याचं काहीतरी मागू," ती म्हणाली. मी इथं इतकी वर्षं राहतो आणि गावाचं नाव निघालं की मला विरार लोकलची गर्दी आठवते. आत्याला मात्र भगवानलाल इंद्रजी आठवले, सोपाऱ्याच्या जुन्या अवशेषांवर लिहिणारे एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक. तिच्या वाचनालयात ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर होतं म्हणे, कोणी नेत नसे, म्हणून ती स्वतःच वाचत बसायची.

चर्चगेटला उतरून वीर नरिमन रोडनं सरळ चालत सुटलं की हुतात्मा चौक लागतो, पुढे सेंट थॉमस कॅथीड्रल आणि मग हॉर्निमन सर्कल. बाग ओलांडली की समोर टाउन हॉल. श्रावणातला दिवस होता, ऊन आणि सर आलटून पालटून. टॅक्सीचा आग्रह मी केला, पण आत्याला छत्री टेकत चालतच जायचं होतं. बरं झालं. ही इमारत लांबून, बागेच्या अंगानं पाहावी, तरच तिचा रुबाब कळतो. जवळ गेलं की नुसत्या पायऱ्या दिसतात.

पायऱ्या तीस. त्यांच्यावर नेहमीप्रमाणे एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं, मुलीचा लांब घोळदार ड्रेस दोन मैत्रिणींनी उचलून धरलेला, फोटोग्राफर उलट्या पावली खाली उतरत होता. कॉलेजची पोरं वडापाव खात होती. हे दृश्य मी कितीतरी वेळा पाहिलंय, मीही त्या पायऱ्यांवर मित्रांबरोबर बसलोय. त्या दारातून आत कोण जातं, हा विचार आम्हा कोणाच्या डोक्यात आला नव्हता. आतमध्ये कुठलं तरी सरकारी ऑफिस असणार, अशीच आमची समजूत. आत्या गुडघ्यावर हात ठेवून चढली, मध्ये दोनदा थांबली, आणि थांबल्या थांबल्या तिनं समोरचे खांब मोजले. आठ. ग्रीक धर्तीचे, उभ्या खोबणींचे, डोरिक म्हणतात तसे.

इमारत पुरी झाली 1833 मध्ये. आराखडा बॉम्बे इंजिनिअर्समधल्या कर्नल थॉमस कूपरचा. पैसा उभा करायला आधी लॉटरी काढली होती, ती काही पुरली नाही, आणि शेवटी बराचसा भार ईस्ट इंडिया कंपनीनं उचलला. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिला फार आनंद झाला. "आम्ही पण इमारतनिधीसाठी लकी ड्रॉ काढला होता. पहिलं बक्षीस मिक्सर. आमचीही नाही पुरली."

संस्था मात्र इमारतीहून जुनी. मुंबईत रेकॉर्डर म्हणजे न्यायाधीश म्हणून आलेल्या सर जेम्स मॅकिंटॉशनं 26 नोव्हेंबर 1804 ला परळच्या सरकारी बंगल्यात काही इंग्रज मंडळी गोळा केली आणि लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू झाली. पुढे ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली, स्वातंत्र्यानंतर एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे आणि 2002 पासून ऑफ मुंबई. लोक तिला नुसतं एशियाटिक म्हणतात. त्याच इमारतीत राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. दोन्ही वेगळी. पहिल्यांदा येणाऱ्याचा इथं हमखास गोंधळ होतो, तेव्हा दारावरच्या माणसाला नेमकं कुठं जायचंय ते सांगावं.

आत नोंदवहीत नाव, पत्ता, कशासाठी आलात, सही. ओळखपत्र दाखवलं, पिशव्या ठेवल्या. फोटो काढायचे नाहीत असं आम्हाला सांगण्यात आलं आणि मनातल्या मनात मी सुटकेचा श्वास टाकला, कारण आत्याला प्रत्येक कपाटापुढे उभं करून फोटो काढण्याचं काम माझ्याकडेच येणार होतं. 'कशासाठी' या रकान्यात वरच्या बहुतेकांनी 'भेट' लिहिलं होतं. आत्यानं लिहिलं, 'वाचन'.

आत शिरल्यावर पहिली नजर जाते ती पुतळ्यांवर. संगमरवरी, पुरुषभर उंचीहून मोठे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आहे, सर जॉन माल्कम आहे, दोघंही मुंबईचे गव्हर्नर, आणि दोघांचे पुतळे फ्रान्सिस चँट्री या त्या काळच्या नामांकित इंग्रज शिल्पकाराच्या हातचे. या साहेबांच्या मेळाव्यात नाना शंकरशेट आहेत. अंगरखा, पगडी, शांत चेहरा. आत्यानं चपला नाही काढल्या, पण थांबून हात जोडले. मग मला विचारलं, नाना इथले सभासद होते का? तो विषय निघाला की थोडं कडू बोलावं लागतं. सोसायटीनं कित्येक वर्षं भारतीय माणसाला आत घेतलंच नव्हतं. पूर्वेच्या विद्यांचा अभ्यास करायला जमलेली ही मंडळी, पण पूर्वेचा माणूस सभासद म्हणून नको. माणेकजी कर्सेटजींना 1840 मध्ये प्रवेश मिळाला, ते पहिले. त्यानंतर मात्र चित्र पालटत गेलं. डॉ. भाऊ दाजी लाड, रा. गो. भांडारकर यांनी सोसायटीच्या नियतकालिकातून ताम्रपट, शिलालेख, कालगणना यांवर इंग्रजांच्या तोडीस तोड लिहिलं आणि न्यायमूर्ती का. त्र्यं. तेलंग तर अध्यक्ष झाले. त्याच परंपरेत पुढे महामहोपाध्याय पां. वा. काणे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचं त्यांचं अवाढव्य काम आणि ही संस्था यांचं नातं जवळचं. 1963 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

आत्याला मात्र काण्यांपेक्षा दुर्गाबाई भागवतांची जागा पाहायची होती. दुर्गाबाई इथं वर्षानुवर्षं बसून वाचत. तिनं एका काकांना विचारलं. काकांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे हात केला. दुसरे म्हणाले, छे, त्या पलीकडे बसत. दोघांचा थोडा वाद झाला. आत्यानं दोन्ही टेबलांपाशी थोडा थोडा वेळ उभं राहून तो मिटवला. 1975 मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष म्हणून दुर्गाबाई आणीबाणीविरुद्ध बोलल्या, तेव्हा आत्या मंडपात होती. तो तिचा कायमचा मानाचा बिल्ला आहे.

वाचनकक्षाचं वर्णन करताना हात आखडता घ्यायला हवा, नाहीतर कोणीही लिहील तेच लिहून होतं. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, वर चढणारे लोखंडी गोल जिने, लाकडी जमीन. हे सगळं आहेच, आणि देखणं आहे. पण मला जास्त मौज वाटली ती वर्तमानपत्रं वाचत बसलेल्या ज्येष्ठ मंडळींची. एकानं घडी घालून ठेवलेला पेपर दुसरा न विचारता उचलायचा, तिसरा घड्याळाकडे बघायचा. त्यांच्या दृष्टीनं हे वारसास्थळ वगैरे काही नव्हतं. रोजची बैठक होती.

आत्यानं कपाटांच्या काचांतून पुस्तकांचे कणे वाचायला घेतले. कण्यावरचे क्रमांक पाहिले, कुठं चामडं सुटलंय, कुठं कापडी पट्टी लावलीय ते पाहिलं. मग टेबलामागच्या बाईंना तिनं एकच प्रश्न विचारला, "ताई, तुम्ही कसर कशी आवरता?"

त्यानंतर आम्ही पर्यटक राहिलो नाही. तोवर त्या बाई आमच्याशी नेमकं आणि बेताचं बोलत होत्या, रोज येणाऱ्या बघ्यांशी बोलावं तसं. कसरीचा विषय निघाला आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. समुद्र हाकेच्या अंतरावर, पावसाळ्याचे चार महिने हवेत पाणी, कागदाला ओल धरते, ओलीवर बुरशी. त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला कागद लाकडाच्या लगद्याचा, त्याच्यातच आम्ल, त्यामुळे तो आपोआप पिवळा पडून मोडतो. त्याच्या आधीचा चिंध्यांपासून केलेला कागद उलट दणकट. दोनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक धडधाकट आणि शंभर वर्षांपूर्वीचं हात लावला की तुकडे, असं का होतं ते मला त्या दिवशी कळलं. आत्या म्हणाली, आम्ही डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला. बाई हसल्या. दुरुस्तीत पातळ टिश्यू पानावर चिकटवून ते सांधतात, आणि त्यासाठी पैसे लागतात म्हणून पुस्तक दत्तक घ्यायची योजना आहे. दुर्मीळ पुस्तक तुम्ही दत्तक घ्यायचं, म्हणजे त्याच्या दुरुस्तीचा खर्च द्यायचा. शिवाय 'ग्रंथसंजीवनी' या नावानं जुनी पुस्तकं, हस्तलिखितं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवण्याचं काम चालू आहे. लाखाच्या वर पुस्तकं, तीन हजारांच्या वर हस्तलिखितं. हे काम कधी संपणार, असं मी विचारलं नाही.

मी विचारलं दांतेबद्दल. इथं येणारा प्रत्येक जण विचारत असणार. इटालियन महाकवी दांतेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'ची चौदाव्या शतकातली हस्तलिखित प्रत या संस्थेकडे आहे, एल्फिन्स्टननं दिलेली. मुसोलिनीनं ती परत मिळवण्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीनं नाही म्हटलं, अशी कथा मुंबईत सगळे सांगतात. ती प्रत कडीकुलपात असते. आम्हाला ती दिसली नाही, आणि दिसायचं कारणही नव्हतं. आम्हा दोघांना इटालियनचा ओ की ठो येत नाही. शिवाय ज्या वस्तूकडे रोज येणाऱ्या प्रत्येकानं बघायचं ठरवलं तर ती शंभर वर्षांत संपेल, ती बंद ठेवतात याबद्दल मला अजिबात तक्रार करावीशी वाटत नाही.

मागणीची चिठ्ठी आत्यानं भरली. अक्षर शाळेतल्यासारखं गोल. सोसायटीच्या नियतकालिकाचा पंधरावा खंड. थोडा वेळ थांबावं लागलं. हा थांबण्याचा वेळ सगळ्यात चांगला होता, असं माझं मत आहे. पुतळे बघताना मी सारखा पुढे काय आहे ते शोधत होतो. टेबलाशी बसल्यावर काही शोधायचं उरलं नाही. बाहेर सर आली, तावदानावर पाणी ओघळायला लागलं, शेजारचा मुलगा मोडीतल्या कागदाच्या छायाप्रतीवर पेन्सिलीनं खुणा करत होता.

खंड आला. आत्यानं पाकिटातून रुमाल काढून हात कोरडे केले, पान वरच्या कोपऱ्याला धरून उलटलं, आणि मला बजावलं, बोटाला थुंकी लावलीस तर बघ. 'सोपारा आणि पडण येथील प्राचीन अवशेष' अशा अर्थाचा तो इंग्रजी लेख, पंडित भगवानलाल इंद्रजींचा. हे मूळचे जुनागढचे, भाऊ दाजींकडे कामाला लागले, त्यांच्यासाठी देशभर फिरून शिलालेखांचे ठसे घेत राहिले, आणि वाळकेश्वरला राहत. 1882 मध्ये त्यांनी सोपाऱ्याचं टेकाड उकरलं. ते टेकाड माझ्या घरापासून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर आहे. गावातले लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. कोणी बांबूच्या टोपल्या विणणारा राजा होता म्हणे.

तो बुरुडाचा कोट नव्हता, विटांचा स्तूप होता. मधोमध विटांच्या कोठीत दगडी पेटी. झाकण उघडलं तर आत तांब्याचा करंडा, आणि त्याच्याभोवती बसलेल्या आठ लहान मूर्ती, सात मागचे बुद्ध आणि आठवा पुढे येणारा मैत्रेय. करंड्यात चांदीचा करंडा, त्याच्यात दगडाचा, त्याच्यात स्फटिकाचा, त्याच्यात सोन्याचा. बरोबर सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं, फारसं न झिजलेलं. आणि एवढ्या सगळ्या बंदोबस्ताच्या आत, सोन्याच्या करंड्यात, मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. खापराचे. भगवानलालांनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले.

आत्या इंग्रजी सावकाश वाचते, मी वाचून मराठीत सांगत होतो. पेटी उघडण्याच्या भागाशी आलो तेव्हा तिनं मला थांबवलं आणि तो परिच्छेद स्वतः वाचला, ओठ हलवत, पुन्हा पहिल्यापासून. मग विचारलं, "हे तुकडे आत्ता कुठायत?"

इथंच. सोपाऱ्याचे ते करंडे आणि तुकडे एशियाटिककडेच आहेत. मघाच्या बाईंनी दुजोरा दिला, आणि ते सहज दाखवायला काढत नाहीत हेही सांगितलं. तिथंच सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मात्र छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडलेला असतो, तो कोणालाही पाहता येतो. आत्यानं तो पत्ताही पावतीच्या मागे टिपला. मला वाटलं होतं, एवढं जवळ येऊन तुकडे दिसले नाहीत म्हणून ती हिरमुसेल. ती म्हणाली, "पेटी कशी उघडली ते वाचलं ना आपण. दाखल क्रमांक असणार त्याला. झालं."

निघताना तिनं बाईंना आणखी एक विचारलं, मध्यवर्ती ग्रंथालयाबद्दल. 1954 च्या कायद्यानं देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत चार ग्रंथालयांना द्यावी लागते. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमरा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं हे मध्यवर्ती ग्रंथालय. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत. आत्याला कायदा तोंडपाठ होता, तिला खात्री करून घ्यायची होती की तो पाळतात का. बाई म्हणाल्या, मोठे प्रकाशक बहुतेक पाठवतात, गावोगावच्या संस्था पाठवतात असं नाही. आत्या काही बोलली नाही.

गाडीत बसल्यावर बोलली. तिच्या वाचनालयानं शतकपूर्तीला एक ग्रंथ काढला होता, जाडजूड, तालुक्याचा इतिहास, जुनी छायाचित्रं, दोन पोवाडे. त्याची प्रत पाठवली होती का, हे तिला आठवत नव्हतं. अंधेरी यायच्या आत तिनं वाचनालयाच्या सध्याच्या अध्यक्षांना फोन लावला. डब्यात गोंगाट होता, त्यामुळे अर्ध्या डब्याला कायदा कळला. अध्यक्षांनी बहुधा विचारलं असावं की एवढ्या जाड ग्रंथाच्या चार प्रती पाठवायचा टपालखर्च कुठल्या खात्यात टाकायचा.

"प्रकाशकानं स्वतःच्या खर्चानं, असं लिहिलंय कायद्यात," आत्या म्हणाली. "आणि प्रकाशक म्हणून आतल्या पानावर तुमचं नाव आहे, अण्णासाहेब."